तार काढू का

१

शाळेतून घरी आलं की माझी कामं ठरलेली असतात. बूट दाराशी, दप्तर पलंगावर, सूप शेगडीवर. आई शिवणाच्या कारखान्यातून संध्याकाळी येते, बाबा ट्रक घेऊन स्पेनच्या बाजूला कुठेतरी असतात. दुपारी आमच्या घरात मी एकटीच असते आणि मला ते आवडतं. कुणी नसलं की बोलावं लागत नाही.

सूप गरम होईपर्यंत मी मॅक सुरू करते. बटण दाबायचं आणि लगेच ऑल्टची कळ दाबून धरायची. थोडा उशीर झाला तर मॅक आपलं नेहमीचंच सुरू करतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वेळेत दाबली तर पांढुरक्या पडद्यावर दोन चित्रं येतात. राखाडी चित्र मॅकच्या आतल्या डिस्कचं, नारिंगी चित्र तारेनं बाहेरून जोडलेल्या डिस्कचं. मी नारिंगीवर जाते. तिच्यात विंडोज आहे.

मी आमच्या स्लिवेन गावच्या बांधकाम शाळेत शिकते. आम्हाला घरांचे नकाशे काढायला जो प्रोग्राम दिला आहे, तो मॅकवर चालत नाही. ही सगळी सोय माझ्या मोठ्या भावानं, स्तानिमिरनं, करून दिली. मोठ्या भावाला आम्ही बातको म्हणतो. बातको जर्मनीत ब्रेमेनजवळ पार्सलांच्या गोदामात काम करतो. हा मॅक त्यानं तिथल्या एका सोबत्याकडून जुना घेतला होता. आतली डिस्क लहान, म्हणून त्यानं विंडोज काडेपेटीएवढ्या वेगळ्या डिस्कवर टाकलं आणि आपल्या खोलीत दोन वर्षं तसंच वापरलं. यंदा नाताळाला घरी आला तेव्हा दोन्ही मला देऊन गेला.

जाताना त्यानं एकच गोष्ट बजावली. आतलं नीट बंद केल्याशिवाय तार ओढायची नाही. जे उघडं असेल ते अर्धवट राहील, आणि अर्धवट राहिलेलं पुन्हा जुळत नाही.

अजून एक गोष्ट त्यानं दाखवली होती. विंडोज चालू असताना त्या मॅकमधून आवाज येत नाही. आवाजासाठी लागणारं काहीतरी बसवायचं राहून गेलं होतं. आवाजाऐवजी हेडफोनच्या भोकात एक तांबडा दिवा पेटतो. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "आवाजच आहे तो. बाहेर यायची वाट चुकलाय, म्हणून उजेड होऊन बसलाय."

२

त्याच सुट्टीतली जेवणाची एक गोष्ट सांगायला हवी.

आईनं सुक्या पुदिन्याचं बीन्सचं सूप केलं होतं. बातकोनं ताट पुसून काढलं. आईनं विचारलं, अजून वाढू? त्यानं मान खाली-वर हलवली. आईनं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं.

"अगं, मी हो म्हणालो," बातको म्हणाला.

"ह्याला हो म्हणतात? हे तर तोंडावर नाही म्हणणं झालं."

"तिकडे आपल्या उलट असतं, आई. खाली-वर म्हणजे हो. आडवी हलवली की नाही. पहिल्या आठवड्यात मुकादमानं विचारलं, जादा तास करणार का, तर मी आपली आपल्यासारखी आडवी हलवली. माझी पाळी दुसऱ्याला गेली. तेव्हापासून आरशासमोर उभं राहून मान शिकवली."

"आणि आता घरी आलास तर?"

"आता तिचं तिलाच कळत नाही."

आई म्हणाली, पोरगा माझा, मान मात्र परकी झाली. मग पुढचे सगळे दिवस ती त्याला मुद्दाम विचारत राहिली. दही हवं? पाव हवा? जर्मनीत कायमचं राहायचं? आणि त्याची मान कधी आडवी जायची, कधी उभी, आणि मध्येच थांबायची. आम्ही हसून हसून दमलो. चहातही त्याची गंमत होती. साखर केव्हाच विरघळलेली असायची तरी तो चमचा फिरवत बसायचा. आई म्हणायची, पेल्याला भोक पडेल.

माझी आणि त्याची खोली शेजारी आहे. मध्ये फक्त भिंत, आणि भिंतीतून जाणारा, खोल्या उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याचा पाइप. लहानपणापासून आमची एक खूण आहे. पाइपवर दोन टक जवळजवळ आणि थोडं थांबून तिसरा. त्याचा अर्थ, जागी आहेस का. समोरून तसंच यायचं. मला समोरासमोर फारसं बोलता येत नाही, हे त्याला माहीत होतं. पाइपवर मी बरंच बोलायचे.

३

विंडोज सुरू झालं की पडद्यावर त्याच्या ब्रेमेनच्या खोलीचा फोटो यायचा. पहिल्यांदा तिकडे गेला तेव्हा आईला दाखवायला काढलेला. खोली किती नीटनेटकी ठेवलीये बघ, म्हणून. डावीकडे पलंग, समोर दार, दारावर पिवळं कामाचं जॅकेट टांगलेलं, उजवीकडे खिडकी आणि खिडकीखाली टेबल. टेबलावर चहाचा काचेचा पेला आणि त्यात चमचा. तो फोटो बदलायचा माझ्या कधी मनातच आलं नाही. घरात तो नसला तरी त्याची खोली होती.

फेब्रुवारीत एका दुपारी मी जिन्याचा नकाशा काढत होते. बाहेर वारा सुटला होता आणि बंद केलेल्या गॅलरीच्या काचा थडथडत होत्या. त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. काचेवर धातू. गोल, सावकाश, न थांबता.

आमची इमारत सिमेंटच्या तयार भिंतींची आहे. वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तर खाली औषध विचारतात. मला वाटलं, शेजारच्या गिनका मावशी चहा ढवळताहेत. मी उठून भिंतीला कान लावला. तिथे काही नव्हतं. स्वयंपाकघरात गेले, आवाज कमी झाला. परत आले, वाढला. मी मॅकजवळ वाकले. तांबडा दिवा नेहमीसारखा पेटलेला होता. आवाज त्याच्याच बाजूनं येत होता, पण कान अगदी जवळ नेला तेव्हा थांबला, कुणीतरी चमचा धरून ऐकत थांबावं तसा.

पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाच्या चिन्हावर नेहमीची फुली होती. आवाजाचं साधन सापडत नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. मी स्वतःला समजावलं की वाऱ्यानं काच किणकिणत असेल. जिना पूर्ण केला, विंडोज नीट बंद केलं, मग तार काढली.

४

त्याच आठवड्यात बातकोचा फोन यायचा बंद झाला. आईनं आधी राग धरला, मग मैत्रिणींना विचारलं, मग तिला झोप येईना. शेवटी त्याच्या गोदामातल्या रुमेननं फोन केला. रुमेन आमच्याच गावचा आहे. तो म्हणाला, स्तानिमिर बरेच दिवस कामावर आलेला नाही. घरमालकाला घेऊन खोली उघडली. दार आतून बंद होतं, कडी उचकटावी लागली. आत कुणी नव्हतं. जॅकेट दारावर, बूट पलंगाखाली, टेबलावर अर्धा पेला चहा.

"खिडकी?" आईनं विचारलं.

खिडकीही आतून बंद होती.

तिकडच्या पोलिसांनी लिहून घेतलं आणि सांगितलं की सज्ञान माणूस आहे, गेला असेल कुठे. बाबांनी ट्रक तिकडे वळवला. आई फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. माझं मन एकाच गोष्टीवर अडून बसलं होतं, तो परत यावा. बाकी कशाचा विचार करायची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या जिन्यानंतर पहिल्यांदाच, मी ऑल्ट दाबून नारिंगी डिस्क उघडली. नकाशा काढायचा नव्हता. मला खोली बघायची होती. पलंग, खिडकी, टेबल, पेला. समोर पिवळं जॅकेट.

मी बराच वेळ बघत होते तेव्हा लक्षात आलं. जॅकेट होतं तिथेच टांगलेलं होतं. त्याच्यामागे दार नव्हतं. सपाट भिंत होती.

५

मी फोटो लावलेली जागा उघडून पाहिली. आळीपाळीनं बदलणारे बरेच फोटो लावता येतात, हे मला ठाऊक आहे. तिथे एकच होता, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचा. मग मी माझ्या फोनमध्ये तोच फोटो शोधला, त्यानं तेव्हाच मलाही पाठवलेला. त्यात दार होतं. पांढरं दार, वर एक छोटा ओरखडा.

दोन्ही शेजारी ठेवून मी पुन्हा पुन्हा बघितलं. घरांचे नकाशे काढताना आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं आहे की खोलीला आधी दार द्यायचं, मग बाकी सगळं. दार विसरलेली खोली बघून आमचे मास्तर विचारतात, माणूस वरून सोडणार का? वर्गात सगळे हसतात.

संध्याकाळी आई आली तेव्हा मी धीर करून तिला मॅकसमोर बसवलं. बघ, एवढंच म्हणता आलं. आईनं पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

"हो, त्याचीच खोली. त्याचं जॅकेट." तिनं बोटं पडद्यावर ठेवली.

दार, मी म्हणाले. दार कुठाय?

"हे काय, जॅकेटच्या मागे," आई म्हणाली. ती त्याच सपाट भिंतीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, तू पण झोपलेली नाहीस, डोळे बघ कसे झालेत. आणि हे असंच राहू दे, रात्रभर चालू राहिलं तरी चालेल, निदान खोली तरी दिसते.

ती झोपल्यावर मी ते नेहमीसारखं नीट बंद केलं. मला त्या फोटोबरोबर रात्र काढायची नव्हती. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

६

पुढच्या दुपारी उघडलं तेव्हा खिडकी नव्हती. टेबल भिंतीला लागून होतं आणि खोलीत तरीही उजेड होता. उजेड कुठून येतो ते कळत नव्हतं.

 मी नीट विचार केला. पहिल्यांदा आवाज ऐकून मी विंडोज बंद केलं, तेव्हा दार गेलं. काल बंद केलं, तेव्हा खिडकी गेली. मी प्रत्येक वेळी त्याच्या सांगण्याप्रमाणे आतलं सगळं व्यवस्थित बंद करत होते. आणि आतलं खरंच बंद होत चाललं होतं.

कपाटात बातकोचे जुने हेडफोन होते. त्या तांबड्या भोकात ते घातले तरी काही ऐकू येत नाही, हे मी नाताळातच करून पाहिलं होतं. आता घातले. आधी नुसती खोली ऐकू आली. रिकाम्या खोलीचाही आवाज असतो, तो. मग एक हात भिंतीवरून सरकत गेला. तळहात, कोरडा, सावकाश, कोपऱ्यापर्यंत आणि पुन्हा मागे. चाचपत. मध्येच थांबून बोटांनी ठोकून बघत. भरीव. भरीव. पुढे सरकून पुन्हा भरीव.

मी नखानं मॅकच्या कडेवर वाजवलं. दोन जवळजवळ, थांबून तिसरा.

हात थांबला. मग अगदी जवळून, माझ्या कानाच्या पडद्यावरच वाजवल्यासारखे, दोन टक, आणि थोडं थांबून तिसरा.

मला रडू आलं आणि आनंदही झाला. तो होता. कुठे होता ते विचारायची मला हिंमत झाली नाही, पण होता.

७

त्यानंतर मी विंडोज बंद केलंच नाही. चार्जर भिंतीत, डिस्कची तार चिकटपट्टीनं टेबलाला पक्की लावलेली. ती तार ढिली होती, नुसता धक्का लागला तरी सुटायची. आईला मी सांगितलं की त्या टेबलाजवळ पुसू नकोस. आईला वाटलं तिच्यासाठीच मी चालू ठेवलंय. ती जाता-येता पडद्याला हात लावून जायची, देवाच्या तसबिरीला लावावा तसा.

चित्र हलताना मी कधीच पाहिलं नाही. नजर दुसरीकडे गेली की ते बदललेलं असायचं. एकदा पलंगावरची चादर विस्कटलेली दिसली. एकदा पेला उलटा. पुढे कडेला, चित्राच्या उजव्या टोकाला, एक खांदा आला. राखाडी स्वेटर. आईनं विणलेला, कोपराला गडद लोकरीचं ठिगळ. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचं डोकं मागून दिसत होतं, मानेवर केस वाढलेले. माझ्याकडे तोंड करावं म्हणून मी किती वेळा वाजवलं. त्यानं उत्तर दिलं, पण वळला नाही. माझ्या लक्षात आलं की त्याला मी भिंतीच्या पलीकडून ऐकू येत असणार. तो माझ्याकडेच तोंड करून उभा होता, त्याच्या हिशेबानं.

मी शाळेत गेले नाही. पोट दुखतंय म्हटलं. गिनका मावशी पुदिन्याचा काढा घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "पोट नाही, ते यंत्र दुखतंय तिला. अंगणात पाठव, वारा लागू दे."

शुक्रवारी दुपारी पडद्यावर एक पट्टी आली. अपडेट तयार आहे, बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल. खाली दोन बटणं, आत्ता आणि नंतर. मी नंतर दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा आली. पुन्हा नंतर. तिसऱ्यांदा आली तेव्हा नंतरचं बटण नव्हतं. फक्त लिहिलं होतं की काम जपून ठेवा, थोड्या वेळात संगणक आपोआप बंद होईल.

८

आई कारखान्यात होती. वाऱ्यानं गॅलरीच्या काचा वाजत होत्या. मी हेडफोन लावून बसले होते.

आपोआप बंद झालं, तर तेही नीट बंद होणंच. खोलीत आता काढून घ्यायला उरलं तरी काय होतं? पलंग, टेबल, जॅकेट आणि तो.

दुसरा एकच उपाय होता, जो कधीही करू नकोस असं त्यानंच सांगितलं होतं. न बंद करता तार ओढायची. जे उघडं असेल ते अर्धवट राहील. मला अर्धवट हवं होतं. जी भिंत अजून पुरती बंद झालेली नाही, तिच्यात फट राहावी, एवढंच मला हवं होतं. पण डिस्कवर तो होता. तोच अर्धवट राहिला तर?

माझ्या एकटीच्यानं ठरवता येईना. मी वाजवलं. त्यानं वाजवलं. मी पिनेच्या कडेनं अजून तांबड्या दिसणाऱ्या त्या भोकाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "बातको, मी आहे, दारिना. हे बंद होणार आहे. तार काढू का?"

हात भिंतीवर थांबला. श्वास ऐकू येत होता.

मी खालच्या पट्टीकडे पाहिलं आणि परत वर. त्याचं डोकं डावीकडे वळलेलं होतं. कानाची पाळी दिसत होती. मी पट्टीकडे पाहिलं, परत वर. डोकं उजवीकडे. पुन्हा खाली, पुन्हा वर. डावीकडे.

मान आडवी हलत होती.

मान आडवी म्हणजे हो. मला जन्मापासून हे एवढंच ठाऊक आहे. हात आपोआप पुढे गेला, चिकटपट्टी निघाली, मी तार ओढली.

हेडफोनमध्ये कुणीतरी तोंड उघडल्याचा आवाज झाला, शब्द निघण्याच्या आधीचा. पडदा काळा झाला. तांबडा दिवा विझला. तेव्हा मला ते जेवण आठवलं. मोरीत ठेवलेलं ताट, आरसा, आणि आता तिचं तिलाच कळत नाही म्हणून हसणारा तो.

९

संध्याकाळी आईचा फोन वाजला. बातको होता. आईनं फोन कानाला दोन्ही हातांनी धरला आणि ती जमिनीवरच बसली.

फोन हरवला होता, म्हणाला. दुसऱ्या गावी काम मिळालं होतं, ते जमलं नाही. कडीचं विचारलं तर म्हणाला, रुमेनला काहीही वाटतं. बसनं निघालोय. आईनं ओरडायचं ठरवलं होतं, ते ती विसरून गेली.

तो आला. दाढी केलेली, केस कापलेले, अंगावर नवीन कोट. आईनं त्याला चाचपून पाहिलं. त्यानं मला जवळ घेतलं, पाठ थोपटली, आणि सगळ्यात आधी डिस्क मागितली. खराब झाली, मी म्हणाले. माझ्या हातून तार निघाली. तो रागावला नाही. डिस्क खिशात टाकली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला की कचऱ्यात टाकून दिली, आता तिचा काही उपयोग नव्हता.

आईनं बीन्सचं सूप केलं. अजून वाढू, तिनं विचारलं. त्यानं मान आडवी हलवली. आईनं वाढलं. पाव? खाली-वर. आईनं टोपली मागे घेतली. दही? आडवी. प्रत्येक वेळी बरोबर. एकदाही थांबली नाही, एकदाही चुकली नाही.

"आली बाई मान ठिकाणावर," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "झाला माझा मुलगा पुन्हा इकडचा."

तो हसला. चहात साखर टाकली, चमचा एकदा फिरवला आणि बशीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या खोलीत होता. पलंगाचा आवाज झाला होता, म्हणजे जागा होता. मी पाइपवर वाजवलं. दोन जवळजवळ, थांबून तिसरा. काहीच आलं नाही. पुन्हा वाजवलं. त्याच्या खोलीचं दार उघडलं आणि तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"पाइपमध्ये हवा अडकलीये वाटतं," तो म्हणाला. "कुणाला तरी बोलवायला हवं."

१०

ईस्टर होऊन गेला. लाल अंडी फोडली, गोड पाव खाल्ला, बाबा घरी आले आणि गेले. बातको आता जर्मनीत परत जाणार नाही. आईनं त्याच्यासाठी कारखान्यात शब्द टाकलाय. आई पुन्हा गाणी म्हणत भांडी घासते. तिला मी काय सांगणार?

मॅक तेव्हापासून बंदच होता. आज दुपारी मी तो काढला. शाळेचं लेखी काम द्यायचं राहिलं आहे. बटण दाबलं. बोट सवयीनं ऑल्टवर गेलं. त्याचा आता उपयोग नव्हता, कारण कुठलीच डिस्क जोडलेली नव्हती. तारेची जागा रिकामी होती, मी बोट लावून बघितलं.

पांढुरक्या पडद्यावर दोन चित्रं आली. राखाडी आणि नारिंगी.

मी काहीही दाबलं नाही. हेडफोनच्या भोकात तांबडा दिवा पेटला. मग अगदी बारीक, टेबलाच्या लाकडातूनच यावेत तसे, दोन टक आले. थोडं थांबून तिसरा.

माझ्यामागे जमीन करकरली. बातको दारात होता. किती वेळ होता ते माहीत नाही. तो जवळ आला, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. त्याच्या श्वासाला साबणाचा वास होता. टकटक पुन्हा झाली. त्याला ती ऐकू आली असणार, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यानं हात लांब करून बोट मॅकच्या बटणावर ठेवलं, दाबलं नाही.

"हे बंद करून टाकू का, दारिना?" तो प्रेमानं म्हणाला.

भोकातला दिवा माझ्या तोंडासमोर होता. त्यातून मला कुणी बघत असेल, तर त्याला माझी मान दिसत असणार. ह्यालाही दिसत होती. आडवी हलवली तर एकाला हो वाटेल आणि दुसऱ्याला नाही. उभी हलवली तर त्याच्या उलट. आणि कोणाची मान कुठली, हे मला मागच्या वेळीही ठरवता आलं नव्हतं.

बोलायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. त्याचं बोट बटणावर आहे. तो वाट बघतोय. टकटक चालू आहे, आता थांबत नाही.

मी मान घट्ट धरून बसले आहे.